उजेड हे जेवण, कोळंबी तोंडी लावणं: घरच्या खाऱ्या टाकीत समुद्रफूल रुळवताना

माझं पहिलं समुद्रफूल माझ्या घरी जेमतेम दोन रात्री टिकलं. समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. माझं बबल टिप जातीचं होतं, हिरवट तपकिरी, बोंडांची, म्हणजे तोंडाभोवतीच्या स्पर्शकांची, टोकं गुलाबी. आणलं त्याच संध्याकाळी मी पिशवीत टाकीतलं दोन पेले पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबले आणि त्याला आत सोडलं. दिवे पूर्ण लावले. प्रवासातून दमून आलंय म्हणून अख्खी कोळंबी सोलून त्याच्या तोंडाशी धरली. दुसऱ्या रात्री ते खडकावरून सुटलं आणि वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत लाटा उठवणाऱ्या पंपाच्या, जाळीत ओढलं गेलं. सकाळी टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं. दुपारपर्यंत दोन्ही क्लाउनफिश गेले.

मी ३१ वर्षं नर्सची नोकरी केली. वॉर्डात नवा रुग्ण आला की आधी नाडी, ताप, रक्तदाब, मग सलाईन, जेवणाचं नंतर बघायचं, हे माझ्या हातात बसलेलं होतं. घरी आलेल्या या जिवाला मात्र मी तपासायच्या आधीच जेवायला वाढलं. त्यानंतर सात महिने मी नवं फूल आणलं नाही. आज माझ्या फोंड्याच्या घरी तीन फुटी टाकीत जे फूल आहे ते सहा वर्षांचं आहे, एकदा दुभंगून त्याची दोन झाली, त्यातलं एक मी भाच्याला दिलं. जे हातून शिकले ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. आपण टाकीत ठेवतो त्या समुद्रफुलांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा फुलाला मिळतो. म्हणजे उजेड हा त्याचा भात. आपण चिमट्याने देतो ती कोळंबी हे तोंडी लावणं. भात नसेल तर नुसत्या लोणच्यावर माणूस किती दिवस काढेल? साध्या पांढऱ्या ट्यूबखाली फूल ठेवून रोज कोळंबी भरवणाऱ्यांची फुलं दोन-तीन महिन्यांत लहान होत होत संपतात. चांगली रीफ एलईडी, म्हणजे प्रवाळाच्या टाकीचे खास दिवे, घेण्याइतके पैसे नसतील तर फूल आणू नका, मासे पाळा. त्यातही आनंद आहे.

टाकी किमान सहा महिने जुनी हवी. माझ्या मते वर्षाची झाली तर अधिक बरं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट कमी, क्षारता (पाण्याचा खारेपणा, विशिष्ट गुरुत्वाच्या मापात) १.०२५ ते १.०२६, तापमान २५-२६ अंश, आणि हे आकडे रोज तेच. फुलाला चढउतार सोसत नाही. टाकीत कधीही तांब्याचं औषध घातलं असेल, माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं घालतात तसं, तर त्या टाकीत फूल ठेवू नका. तांबं खडकात आणि वाळूत मुरून राहतं आणि बिनकण्याच्या प्राण्यांना मारतं.

पाण्याबद्दल गोव्यातली मंडळी मला हमखास एक गोष्ट विचारतात: समुद्र दाराशी आहे, मग मिठाच्या बादल्या विकत का घ्यायच्या? किनाऱ्यावरचं पाणी मी वापरत नाही. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी गोडं पाणी, गाळ सगळं समुद्रात आणून ओततात, तेव्हा किनाऱ्याजवळची क्षारता पार उतरते. इतर महिन्यांत बोटींचं तेल, सांडपाणी. आरओचं पाणी आणि सागरी मीठ, हेच बरं. आमच्याकडे नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं, पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं. ते थेट टाकीत नको. आणि हणजुण-वागातोरच्या खडकांत ओहोटीला दिसणारी लहान समुद्रफुलं कृपा करून उपटून आणू नका. खरवडताना त्यांचा तळ फाटतो, आणि लाटांच्या माऱ्यात जगणारा जीव आपल्या टाकीत सहसा रुळत नाही. तिथला प्रवाळाचा तुकडाही नको: कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

दुकानात बघताना

घाई करू नका. शक्य असेल तर दोन वेगळ्या दिवशी जाऊन तेच फूल बघा. तोंड घट्ट मिटलेलं हवं. तोंड सैल, आ वासलेलं, आतलं बाहेर आलेलं असेल तर ते आजारी आहे. तळ, म्हणजे ज्यावर ते चिकटून बसतं तो पाय, कुठेही फाटलेला नको. ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी. दुकानदाराला सांगून एक बोंड काठीने हळूच स्पर्शून बघा, चिकटलं पाहिजे.

रंगाला भुलू नका. एकदा मला ‘दुर्मिळ पांढरं’ म्हणून चौपट किमतीला फूल दाखवलं होतं. ते दुर्मिळ नव्हतं, उपाशी होतं. अंगातलं शैवाल निघून गेलं की फूल पांढरं पडतं. पिवळाधमक किंवा गर्द निळा एकसारखा रंग असेल तर बहुधा रंगवलेलं असतं. पहिल्यांदा ठेवणाऱ्याने तपकिरी किंवा हिरवट बबल टिप घ्यावं. कार्पेट ॲनिमोन दिसायला देखणं, पण फार मोठं होतं, लहान मासे गिळतं आणि त्याचा डंखही जबर. मी ते कधीच ठेवलं नाही.

दुकानाच्या टाकीतल्या काचेला ते चिकटलेलं असेल तर ओढून काढू देऊ नका. बाहेरून काचेला, बरोबर तळाच्या मागे, बर्फाचा खडा धरून ठेवायचा. गारवा लागला की तळ आपोआप सैल होतो, मग नखाने नव्हे तर बोटाच्या पोटाने कडेकडेने सोडवायचा. पाच मिनिटं जातात. ती द्यायला जो विक्रेता तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

सलाईनचा सेट

आता मुख्य काम. माझ्याकडे फूल मुंबईहून रात्रीच्या बसने फोंड्याच्या बसस्टँडवर येतं, म्हणजे पिशवीत बारा-चौदा तास. अशा लांबच्या पिशवीबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. पिशवी बंद असते तोवर आतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पीएच खाली राहतो. पीएच कमी असताना अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया जाळायला लागतो. म्हणून लांबून आलेलं फूल त्याच घाण पाण्यात ठेवून दोन-तीन तास टाकीचं पाणी थेंबथेंब ठिबकवत बसलात तर काळजी घेतल्याचं समाधान तुम्हाला आणि त्रास त्याला.

मी असं करते. आदल्या दिवशी विक्रेत्याला फोन करून त्याच्या टाकीची क्षारता विचारते. बहुतेक ठिकाणी ती १.०२१-१.०२२ असते, मीठ वाचवायला. तेवढ्याच क्षारतेचं एक लिटर ताजं पाणी एका स्वच्छ पांढऱ्या टबमध्ये तयार ठेवते. पिशवी आली की बंदच अवस्थेत वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यायची, दिवे बंद. मग पिशवी उघडून आधी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, दोन थेंब. माझ्या टबशी आकडा जुळला की हात धुऊन, ओले हातमोजे घालून फूल तळाकडून ओंजळीत उचलायचं आणि टबमध्ये ठेवायचं. पिशवीतलं पाणी मोरीत. एक थेंबही टाकीत नको.

आता ठिबक. एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून लोक थेंब जुळवतात, तेही चालतं. मी सलाईनचा सेट वापरते, कोरा, औषधाच्या दुकानातून आणलेला, कुठलंही औषध न लागलेला. वरचं टोक टाकीच्या पाण्यात, खालचं टबमध्ये, आणि अंगठ्याखाली ती ओळखीची चाकाची कळ. साध्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला तीन थेंब धरले तर मिनिटाला नऊ मिलिलिटर, तासाला अर्धा लिटरच्या थोडं वर. एका तासाने टबमध्ये दीड लिटर होतं. त्यातलं निम्मं काढून टाकायचं, थेंबांचा वेग थोडा वाढवायचा, पुन्हा तेवढंच भरू द्यायचं, पुन्हा निम्मं काढायचं. साधारण अडीच तासांत टबचा आकडा टाकीच्या आकड्याला येऊन मिळतो. दर अर्ध्या तासाने मी क्षारता आणि तापमान वहीत लिहिते. तापमान मुद्दाम सांगते आहे, कारण दीड लिटर पाणी मे महिन्यात खिडकीजवळ ठेवलं तर तासाभरात चहाच्या कोमटपणाकडे जातं. टब जमिनीवर, सावलीत, पंख्याच्या झोताबाहेर.

विक्रेता गावातलाच असेल, पिशवीत तासाभराचाच प्रवास झाला असेल, तर एवढा खटाटोप नको. पिशवीतल्याच पाण्यात सरळ ठिबक लावा.

या अडीच तासांत फूल कसं दिसतं ते जवळून बघा. सुरुवातीला ते मुठीएवढं आक्रसलेलं, बोंडं आत ओढलेली, भिजून सुरकुतलेल्या मनुक्यासारखं. तासाभराने कडेची पाच-सहा बोंडं फुगायला लागतात, काचेसारखी पातळ, आणि तळाची कड टबच्या बुडाला चाचपडत पसरते. ती कड पसरलेली दिसली की माझा जीव खाली पडतो. कधी तपकिरी दोऱ्यासारखा मळ सुटतो. ते प्रवासातलं पोट साफ होणं आहे, पिपेटने उचलून टाका.

जागा आणि पहिला आठवडा

टाकीत सोडायच्या आधी सगळे पंप बंद. बबल टिपला खडकातली खाच आवडते: तळ आत, अंधारात, आणि बोंडं बाहेर उजेडात. खाचेत हलक्या हाताने तळ टेकवा आणि वर भोकांची प्लास्टिकची फळांची परडी पालथी घाला. तासाभराने पंप हळू सुरू करा. परडी मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवते. वेव्हमेकरला बारीक स्पंजचं किंवा जाळीचं आवरण मात्र फूल येण्याच्या आदल्या दिवशीच बसवा. माझं पहिलं फूल त्या एका आवरणाअभावी गेलं.

ते हिंडेल. चार दिवस, आठ दिवस, कधी काचेवर चढेल, कधी खडकामागे जाऊन दिसेनासं होईल. त्याला पुन्हा ‘चांगल्या’ जागी आणून ठेवू नका. उजेड आणि प्रवाह कुठे आपल्याला मानवतो हे ते तळाने शोधत असतं. दुसऱ्या कुठल्या प्रवाळाला चिकटून बसणार असेल तर प्रवाळ हलवा, फूल नव्हे.

दिवे पहिला आठवडा निम्म्या तेजावर, रोज सहा तास. मग दोन आठवड्यांत थोडं थोडं वाढवत नेहमीवर. पहिले पाच दिवस खायला काहीही नाही. दिवसातून एखादवेळ ते पूर्ण आक्रसून लोळागोळा होईल आणि तुमच्या पोटात गोळा येईल. पोटातलं जुनं पाणी आणि मळ बाहेर टाकून ते पुन्हा फुगतं, घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते असं: तोंड चोवीस तास उघडं, तळ कुठेच धरत नाही, अंग विरघळल्यासारखं सुटं आणि कुजका वास. वास आला की वाट बघू नका, त्याच मिनिटाला बाहेर काढा आणि पाणी बदला. मेलेलं फूल एका रात्रीत सगळी टाकी नेतं.

भरवणं

पाच दिवसांनंतर तळ घट्ट बसलेला असेल आणि बोंडं चिकट असतील तर पहिला घास.

फोंड्याच्या बाजारात मी ज्या बाईकडून मासळी घेते ती मला आता विचारते, “बाये, तुज्या फुलाक आयज कितें जाय?” फुलाला लागतं ते फार थोडं: ताजी कोळंबी, तिसऱ्या (शिंपले), कधी माणकी (स्क्विड), कधी मुडदुशीचा पांढरा तुकडा. बांगडा आणि तारले देत नाही, त्यांचं तेल पाण्यावर तवंग धरतं. एकच एक पदार्थ वर्षभर देऊ नका, आलटून पालटून द्या. पाकिटातल्या गोठवलेल्या कोळंबीला बऱ्याचदा फॉस्फेटची प्रक्रिया केलेली असते, ती टाळा. आणि आपल्या घरांत मासळी आली की धुऊन लगेच मीठ-हळद लावायची सवय असते. फुलाचा वाटा त्याआधी बाजूला काढा. माझ्या सूनबाईंना हे सांगून ठेवलेलं आहे. तो वाटा आरओच्या पाण्यात धुवायचा, बारीक कापून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात मनासारखी कोळंबी मिळत नाही. मी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन ट्रे भरून ठेवते.

तुकडा केवढा? पहिल्या वेळी तुरीच्या डाळीएवढा. रुळलेल्या, तळहाताएवढ्या फुलाला हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा कधीच नाही. आठवड्यातून एकदा. फार तर दोनदा.

पंप पंधरा मिनिटं बंद करा. क्लाउनफिशना आधी खाऊ घाला, नाहीतर ते घास पळवतील. वितळलेला तुकडा लांब प्लास्टिकच्या चिमट्यात धरून तोंडाजवळ नव्हे, तर मधल्या बोंडांवर अलगद टेकवा आणि सोडा. आता हात बाहेर. पहिली दोन बोंडं तुकड्याला चिकटतात, थरथरतात, आणि टोकाशी किंचित आखडतात. त्यांच्यातल्या सूक्ष्म डंखपेशी सुटलेल्या असतात. मग शेजारची बोंडं एकेक करून वाकतात, जशी ओंजळ मिटावी तशी. मधली चकती त्या बाजूने वर उचलली जाते आणि तोंडाची फट, इतका वेळ रेघेसारखी दिसणारी, फिकट ओठांनी उघडते. तुकडा आत सरकायला माझ्या फुलाला चार ते सहा मिनिटं लागतात. मी प्रत्येक वेळी पूर्ण बघते, आणि वहीत मिनिटं लिहिते, कारण वेळ वाढत गेला तर काहीतरी बिघडतंय हे मला आकड्यांतून आधी कळतं.

तुकडा घेऊन सोडून दिला तर दुसऱ्यांदा आग्रह नको. तोंडात बोटाने किंवा सिरिंजने अजिबात कोंबू नका. गिळलेला घास दुसऱ्या दिवशी पांढऱ्या बुळबुळीत गोळ्यासारखा बाहेर आला तर तुकडा मोठा होता. गोळा उचलून टाका, पुढच्या वेळी निम्मा द्या. तपकिरी मळ आला तर पचलं. साफसफाई करणारी लाल-पांढरी कोळंबी टाकीत असेल तर ती फुलाच्या तोंडातून घास उपसून काढते. त्यावर उपाय म्हणजे पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून, बूच काढून, घास दिल्यावर फुलावर घुमटासारखा ठेवायचा. अर्ध्या तासाने काढायचा.

पांढरं पडलेलं फूल कुणाकडून तुमच्याकडे आलंच, तर त्याचं गणित वेगळं. त्याच्याकडे भातच नाही, म्हणून तोंडी लावण्यावर जगवायचं: डाळीएवढे तुकडे, आठवड्यातून तीनदा, आणि उजेड मंद, हळूहळू वाढवत. भाच्याच्या मित्राचं असं एक फूल मी पाच महिने सांभाळलं. तिसऱ्या महिन्यात बोंडांच्या बुडाशी चहाच्या डागासारखा तपकिरी रंग दिसला, त्या दिवशी मी देवापुढे दिवा जरा लवकर लावला.

हे फूल वनस्पती नाही, प्राणी आहे, आणि दीर्घायुषी प्राणी. स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये समुद्रातून आणलेलं एक समुद्रफूल १८८७ पर्यंत जगलं. डॅलियेल गेले, पाळणारे बदलत गेले, फूल राहिलं. ते आपल्याकडच्या बबल टिपहून वेगळ्या जातीचं होतं. पण वॉर्डात पाळी बदलताना आम्ही रुग्णाची सगळी माहिती पुढच्या सिस्टरला देत असू, तशी माझी वही माझ्यानंतर भाच्याकडे जाईल हे मी ठरवून टाकलं आहे.

आपल्या हवेत

एप्रिल-मेमध्ये माझ्या हॉलमधलं पाणी ३१ अंशांवर जाई. पाण्यावर छोटे पंखे लावले तर दोन-तीन अंश उतरतात, पण तेव्हा बाष्पीभवन वाढतं, आणि उडतं ते पाणी, मीठ नव्हे. म्हणून रोज सकाळी नुसतं आरओचं गोडं पाणी घालून काचेवरची पाण्याच्या पातळीची खूण गाठायची. खारं घातलंत तर क्षारता चढत जाते. दमट हवेत पंख्याचा उपयोग कमी होतो. दोन उन्हाळे तसे काढून शेवटी मी चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, घेतला.

पावसात वीज जाते, आमच्याकडे कधी चार-चार तास. बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून टाकीखालीच ठेवा. वीज गेल्यावर त्या दिवशी घास नाही, न पचलेलं अन्न उरलेला प्राणवायू खातं. पावसाळ्यात डासांचा फवारा टाकीच्या खोलीत मारू नका, आणि अंगाला लावायचं मलम हाताला असेल तर साबणाने धुऊन, साबण पूर्ण जाईपर्यंत खळखळून, मगच पाण्यात हात घाला.

गणेश चवथीच्या आधी घराला रंग काढतो ना, तेव्हा ओल्या रंगाचा वास असेपर्यंत हॉलच्या खिडक्या सताड उघड्या ठेवा आणि एअर पंपाची नळी शक्यतो बाहेरच्या हवेतून घ्या. चवथीला आम्ही पाच दिवस मूळ घरी जातो. शेजारच्या मुलाला मी किल्ली देते, रोज खुणेपर्यंत गोडं पाणी घाल म्हणून सांगते, माशांच्या खाण्याच्या पाच पुड्या बांधून ठेवते, आणि कोळंबीचा ट्रे फ्रीजरमध्ये सगळ्यात मागे, त्याला दिसणार नाही असा. फूल दोन आठवडे सहज बिनघासाचं राहतं. दिव्यांचा टायमर तेवढा चालू आहे ना, हे निघताना दोनदा बघते.